सही लिस्बनची, शिक्का न्यू जर्सीचा

गोव्यात माशेलच्या आमच्या मूळ घरात पावसाळा लागला की माजघरात तीन भांडी मांडली जातात. पितळी हंडा, निळी बादली आणि थेंब जागा बदलेल तसं त्याच्या मागे फिरवायचं स्टीलचं वाडगं. कौलं फुटलीयत हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. नवी कौलं आणूनही दोन वर्षं झाली. ती अंगणात गडग्याला टेकून उभी आहेत आणि त्यांच्यावर इतकं शेवाळ चढलंय की छपरावर जायच्या आधीच ती जुनी दिसू लागलीयत. अडलंय ते सह्यांवर.

घराचे हिस्सेदार नऊ. पोर्तुगीज १९६१ साली गेले, पण त्यांची १८६७ची दिवाणी संहिता आमच्या घरात अजून पाटावर बसून जेवते. तिच्या हिशेबाने लग्न लागलं की नवऱ्याच्या मालमत्तेत बायको निम्म्याची धनीण. त्यामुळे नऊ हिस्सेदारांच्या सह्या होतात सतरा. (एक काका अविवाहित आहेत. त्यांना घरात मान आहे तो त्यामुळेच.) कुणी एकट्याने परस्पर कौलं बदलली तर उद्या तोच 'घर मी राखलं' म्हणत कोर्टात उभा राहील, ही आमच्या घराण्याची वडिलोपार्जित भीती. घरापेक्षा ती जास्त भक्कम आहे. पंधरा सह्या झाल्या. उरल्या दोन, त्या लिस्बनला. चुलतभाऊ 'पाठवतो, पाठवतो' म्हणतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा फोन.

ऑगस्टातली सकाळ. पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंपू नुकताच वाजून गेला होता. बायको चहात पावाचा उंडा बुडवत पेपर वाचत होती. केंद्र सरकारची सर्ट-इन नावाची सायबर सुरक्षेची संस्था अधूनमधून अँड्रॉइडवाल्यांना इशारे देते, तसला एक इशारा तिच्या नजरेला पडला. तीव्रता: उच्च. "तुमचा फोन अपडेट आहे ना हो? सोसायटीचे पैसे त्याच्यावरूनच भरता तुम्ही."

"आहे तर!" मी म्हणालो. नवऱ्यांना हे उत्तर जन्मतः येतं.

पण मनात किडा शिरला. सेटिंग्जमध्ये गेलो, 'फोनविषयी', मग 'अँड्रॉइड आवृत्ती', आणि तिथे 'सुरक्षा अपडेट' या ओळीसमोर तारीख होती ५ मार्च २०२४. मी चष्मा काढून पुसला. तारीख तीच. आम्ही बसलो होतो २०२५च्या ऑगस्टात. म्हणजे सतरा महिने! मागे येऊन 'अपडेट तपासा' दाबलं. एक गोल फिरला, थांबला, आणि हिरवीगार बरोबरची खूण आली: 'तुमचा फोन अद्ययावत आहे.' शाळेत गणिताच्या मास्तरांनी मला एवढ्या खुल्या मनाने कधी बरोबरची खूण दिली असती, तर मी सहकारी सोसायटीत कारकुनी करत बसलो नसतो.

हा फोन न्यू जर्सीच्या धाकट्या भावाने २०२२च्या डिसेंबरात आणला. तिकडे त्याने तो सिमवाल्या कंपनीकडून हप्त्याने घेतला, हप्ते फेडून कुलूप काढून घेतलं आणि नाताळच्या सुट्टीत चॉकलेटांच्या पिशवीबरोबर माझ्या हातात ठेवला. चालू करताना त्या कंपनीचं बोधचिन्ह पडद्यावर येतं आणि चार सुरांची एक धून वाजते. ती बंद करायची सोय मला तीन वर्षांत सापडलेली नाही. कंपनीची आठ ॲप्सही आत मुक्कामाला आहेत. काढता येत नाहीत, वापरता येत नाहीत. हिस्सेदारच ते.

पहिल्यांदा फोंड्याला माझ्या इथल्या सिमवाल्याच्या गाळ्यावर गेलो. काउंटरवरच्या मुलीने मान तिरकी करून ऐकून घेतलं. "अंकल, अपडेट आम्ही नाही देत. ते फोनवाले देतात. कॉलरट्यून घालू तुम्हाला?"

मुलीचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे फोन एका दुकानातून घ्यायचा आणि सिम दुसऱ्या दुकानातून, त्यामुळे अपडेटचं ठिगळ लावताना सिमवाल्याला फारसं कुणी विचारत नाही. त्याची गरज पडते ती निराळ्याच वेळी. २०२२च्या ऑक्टोबरात देशात ५जी सुरू झालं तेव्हा लोकांच्या खिशात ५जीचे फोन होते, शहरात ५जीचे टॉवर होते, आणि मधे अडली होती ती फोन कंपन्यांची सॉफ्टवेअर अपडेट. सरकारला बैठक बोलवावी लागली होती. आमच्या वाड्यावर अर्थात तेव्हाही २जीच होतं, कारण टॉवरला ग्रामसभेत एकमताने विरोध झाला होता, आणि त्याच ग्रामसभेत रेंज नसल्याची तक्रारही एकमताने झाली होती.

मग पणजी. फोन बनवणाऱ्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर. टोकन सत्तेचाळीस, पुढे बावीस माणसं, एसी इतका जोरात की भर दमट ऑगस्टात म्हातारी माणसं तोंडावर पदर आणि रुमाल घेऊन बसलेली. माझा नंबर आल्यावर मुलाने मॉडेलचा आकडा वाचला आणि त्याचा चेहरा बदलला. डॉक्टर एक्स-रे बघताना करतात तसा.

"सर, हो इंडियाचो न्हय." मग मी मराठी पेपर हातात धरलाय हे बघून तो मराठीत आला. "हा अमेरिकेचा आहे. तिथल्या सिमवाल्याचा. याचं अपडेट ते पास करतील तेव्हाच येणार. आम्ही बाहेरून टाकायला गेलो तर डेटा उडेल, बँकेची ॲप रुसतील ते वेगळंच."

"मग मी करू काय?"

"भाव आसा न्हय थंय? ताका विचारात."

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी माझी पुतणी संध्याकाळी घरी आली तेव्हा मी तिच्यापुढे फोन आपटला नाही, हळूच ठेवला. तिने समजावून सांगितलं आणि मी ते माझ्या भाषेत करून घेतलं.

अँड्रॉइडच्या सुरक्षेत भोकं सापडत राहतात. गूगल दर महिन्याला त्यांची यादी आणि ठिगळं जाहीर करतं. ही शिस्त २०१५च्या ऑगस्टपासूनची. त्याच्या आदल्याच महिन्यात स्टेजफ्राइट नावाचं भोक उजेडात आलं होतं. मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसने धाडायचा. बिचाऱ्या मालकाने तो उघडायचीही गरज नाही. ९५ कोटी फोनांना धोका, असा अंदाज तेव्हा दिला गेला. फोन बनवणाऱ्यांना तर ही यादी जाहीर होण्याच्या महिनाभर आधीच कळवलेली असते. म्हणजे कौलं वेळेवर अंगणात येऊन पडलेली असतात.

पुढे सह्या. पहिली सही चिप बनवणाऱ्याची. त्याच्या वाशांवर ही कौलं बसतात का, ते त्याने सांगायचं. यादीत सहसा महिन्याची १ आणि ५ अशा दोन तारखा असतात, त्यातली पाच तारीख आली तर समजायचं की चिप आणि कर्नलची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाभ्याची, ठिगळंही त्यात आहेत. दुसरी सही फोन बनवणाऱ्याची. त्याने गूगलच्या घरावर स्वतःची रंगरंगोटी केलेली, दोन पडव्या काढलेल्या, त्यामुळे प्रत्येक कौल मोजून कापावं लागतं. आणि त्याची मॉडेलं किती? आमच्या घराण्यातल्या चुलत्यांएवढी.

"आणि तिसरी सही?" मी विचारलं.

"तिसरी सिमवाल्याची. सगळीकडे नसते, पण तुझ्या फोनला आहे, काका."

माझी लिस्बन इथे होती तर.

अमेरिकेत वर्षानुवर्षं फोन विकले ते सिमवाल्यांनीच. विकणारा तो, त्यामुळे आत काय जाणार ते ठरवणारही तो. ठिगळ आलं की तो आपल्या जाळ्यावर तपासणार: कॉल लागतो का, बोलता बोलता टॉवर बदलला तर तुटतो का, तिकडच्या ९११ला फोन जातो का. हे अगदीच खोटं कारण नाही. मोडेममध्ये, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागात, हात घालणाऱ्या अपडेटने आणीबाणीचा कॉल बंद पाडला तर लोक गूगलला नाही, सिमवाल्यालाच धरणार. पण तपासणी एकेका मॉडेलची, आणि जुनं मॉडेल रांगेत शेवटी. २०१३ साली तिथल्या नागरी हक्कांच्या संघटनेने, एसीएलयूने, चार मोठ्या सिमवाल्यांविरुद्ध सरकारदरबारी तक्रार केली होती की तुम्ही विकलेल्या फोनांना ठिगळं पोचवत नाही. २०१६ साली दोन सरकारी आयोगांनी फोनवाले आणि सिमवाले दोघांनाही पत्रं धाडून विचारलं की बाबांनो, उशीर का होतो. हे ऐकून मला बरं वाटलं. अमेरिकेतही पत्र पाठवून वाट बघतात तर!

"आयफोनला नाही हा त्रास," पुतणी म्हणाली. नसणारच. ते भाटकाराचं घर, एकच मालक. कौल आणलं की त्याच दिवशी चढलं. आम्ही हिस्सेदारांत जन्मलेली माणसं.

गूगलनेही हिस्सेदारीला कंटाळून काही उपाय केले म्हणे. २०१७ साली आठव्या अँड्रॉइडबरोबर ट्रेबल आलं, म्हणजे चिपवाल्याचे वासे आणि वरचं छप्पर वेगळं केलं, ज्यामुळे एक बदलताना दुसरं उचकटावं लागू नये. २०१९ साली दहाव्या अँड्रॉइडबरोबर मेनलाइन आलं. त्यात फोनचे काही भाग थेट प्ले स्टोअरच्या वाटेने दुरुस्त होतात, ना फोनवाल्याची सही, ना सिमवाल्याची. पुतणीने तशी एक वेगळी तारीख काढून दाखवली, आणि ती मात्र बरीच ताजी होती. मला एकदम ओळख पटली. माजघरावर आम्ही सह्यांची वाट न बघता घातलेली निळी ताडपत्री ती! तिच्याखाली खाट टाकता येते. स्वयंपाकघर मात्र तसंच गळतं.

युरोपने तर २० जून २०२५पासून नियमच लावलाय: नव्या फोनांना, त्यांची विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षं अपडेट. "म्हणजे आपल्या लिस्बनवाल्याचं भाग्य," मी म्हणालो. पण त्याचा फोन त्याआधीचा निघाला. त्या माणसाचं सगळंच जुनं.

रात्री साडेसातला, म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजलेले असताना, मी त्या सिमवाल्याच्या चॅटवर बसलो. पलीकडची व्यक्ती की यंत्र, देव जाणे, अत्यंत गोड. माझा पिनकोड विचारला. आपला सहा आकडी, त्यांना हवा पाच आकडी. ४०३१०७ मधला सात गाळला, तर मी थेट केंटकीत जाऊन पडलो. 'केंटकीत आज हवामान कसं आहे?' पाऊस आहे, मी लिहिलं. खोटं नव्हतं. मग खातेक्रमांक विचारला. खातं नाही. खातं नसेल तर जवळच्या शाखेला भेट द्या. जवळची शाखा माशेलपासून बारा-तेरा हजार किलोमीटरवर. मी विचारलं, माझं अपडेट कधी येईल? उत्तर आलं: आपला फोन अद्ययावत आहे. आणि वर हिरवी खूण.

भावाला फोन केला. "दादा, त्यात सोपं काय आहे सांगू? माझं सिम त्यात घातलं की येईल. चवथीला येतोच आहे मी."

चवथीला तो आला. नेवऱ्यांच्या डब्याआधी त्याच्या खिशातलं सिम बाहेर आलं. बायकोने कानातल्याची मागची पिन दिली, पुतणीने ट्रे काढला, त्याचं सिम माझ्या फोनात, माझं सिम वाटीत, वाटी देवघरात, हरवू नये म्हणून. माजघरात गणपती, वर फळं-पानं बांधलेली माटोळी, माटोळीवर ताडपत्री, बाजूला वाडगं. 'अपडेट तपासा' दाबलं. गोल फिरला. आणि या वेळी हिरवी खूण आलीच नाही. '१.१ जीबी. डाउनलोड करा.' मी भावाला मिठीच मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

शेजारच्या वायफायवर दोन तास गेले. 'इन्स्टॉल' म्हणालो तर म्हणे, बॅटरी तीस टक्क्यांवर हवी. होती अठ्ठावीस. चार्जरला लावला आणि वीज गेली. तासाभराने आली. तोवर आरतीची वेळ झालेली. घुमटं काढली, शामेळ आला, कासाळी आली, आरतीची सगळी वाद्यं जमली, चुलते, चुलत्या, पोरं, सगळे माजघरात दाटीवाटीने उभे. मी हळूच बटण दाबून फोन गणपतीच्या मागच्या कोनाड्यात ठेवला.

आरती चढली. घुमटाचा घुमारा कौलांना भिडला, ताल दुप्पट झाला, आणि ऐन समेवर कोनाड्यातून ती अमेरिकन धून वाजली. चार सूर, खणखणीत. घुमटवाला चुलतभाऊ गडबडला, तीन कडवी मागे गेला, त्याच्याबरोबर सगळं गोत्र मागे गेलं. अविवाहित काका तेवढे डोळे मिटून म्हणाले, "हें नवें कितें?"

प्रसादानंतर मी चष्मा पुसून तारीख बघितली. ५ सप्टेंबर २०२४.

"बघ," भाऊ म्हणाला, "सहा महिने पुढे गेला की नाही!" ॲप्सही आता आठाची नऊ झाली होती. नवव्यावर अमेरिकन फुटबॉल दिसतो.

तेवढ्यात वाटीतलं सिम भावाच्या फोनात घालून पुतणीने माझे मेसेज उघडले. लिस्बनहून चवथीच्या शुभेच्छा आल्या होत्या, फुलांच्या चित्रासकट. खाली लिहिलं होतं: 'कौलांच्या सहीची फाईल मिळाली. दोघंही आज करणार होतो. पण ती माझ्या फोनवर उघडत नाही. आधी अपडेट करा म्हणतो.'