लाइव्ह रॉक उकळू नका : ‘घरच्या घरी समुद्र’ या संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी माझ्या भाच्याने मला एक छायाचित्र पाठवले. गॅसवर मोठे पातेले, त्यात पाणी, पाण्यात नारळाएवढा लाइव्ह रॉक (समुद्री जीवांची वस्ती असलेला, खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवायचा सच्छिद्र दगड) आणि त्या दगडाच्या एका कडेला शर्टाच्या बटणाएवढ्या, तपकिरी, मिटलेल्या दहा-बारा चकत्या. खाली त्याने विचारले होते, “मावशी, उकळी आल्यावर किती वेळ ठेवू?” मी उत्तर लिहीत बसले नाही. लगेच फोन करून त्याला आधी गॅस बंद करायला, मग खिडक्या उघडायला आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर जायला सांगितले. पाणी तोवर जेमतेम कोमट झाले होते, म्हणून आज मला नुसता राग येतो आहे.

उकळण्याची कल्पना त्याची नव्हती. ‘घरच्या घरी समुद्र’ या मथळ्याचा एक संदेश सध्या हातोहात पुढे जातो आहे आणि तो त्याच्यापर्यंतही पोहोचला होता. रीफ टँक, म्हणजे प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, अवघड असतो हा विक्रेत्यांनी पसरवलेला समज आहे, असे सांगून त्यात पाच सूचना केल्या आहेत : दगड उकळून निर्जंतुक करा, स्वयंपाकाचे मीठ वापरा, त्याच दिवशी मासे सोडा, पाणी आटले की पुन्हा मिठाचेच पाणी भरा आणि सुरुवात लहानात लहान टाकीने करा. मी बारा वर्षे गोड्या पाण्याची टाकी सांभाळली आणि गेली नऊ वर्षे खाऱ्या पाण्याची सांभाळते आहे. या सूचना वाचताना मला एक गोष्ट स्पष्ट दिसली, ती म्हणजे त्यांतली प्रत्येक सूचना गोड्या पाण्याच्या सवयीतून उचललेली आहे आणि खाऱ्या पाण्यात ती का चालत नाही, याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही.

उकळण्याचेच पाहू. गोड्या पाण्याच्या टाकीत घालायचे लाकूड उकळून घेतात आणि ते योग्यच आहे. लाइव्ह रॉक उकळला तर त्यावरची ऐप्टेशिया नावाचे उपद्रवी, फुलासारखे दिसणारे जीव मरतात, हेही मला मान्य करावे लागते. परंतु त्या दगडावर दुसरे काय वस्तीला आहे, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. भाच्याच्या दगडावरच्या त्या तपकिरी चकत्या म्हणजे झोआन्थिड नावाच्या प्रवाळांच्या गटातील पॅलिथोआ, आणि या गटातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. हवाई विद्यापीठातील रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी १९७१ मध्ये हे विष वेगळे करून दाखवले. ज्या जीवापासून ते मिळाले, त्याचा लेप पूर्वी भाल्याच्या टोकाला लावीत, अशी तिथली जुनी आख्यायिका आहे. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा जो पंप असतो, त्याला हे विष चिकटते आणि पंपाचे सताड उघडे दार करून टाकते. स्नायू, हृदय, रक्तवाहिन्या या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. डॉक्टरांना लक्षणे पाहून उपचार करावे लागतात.

हे विष उकळल्याने नष्ट होत नाही. उलट, वाफेबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून ते हवेत येते आणि पातेल्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासातून आत जाते, म्हणजे दगडावर होते तोवर ज्याचा कोणाला त्रास नव्हता, ते आपण स्वतःच फुप्फुसापर्यंत नेऊन पोहोचवतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, साप्ताहिक अहवालात २०१५ मध्ये अलास्कातील २०१२ ते २०१४ या काळातल्या अशा घटनांची नोंद प्रसिद्ध झाली आणि ती प्रत्येक हौशी माणसाने वाचावी अशी आहे. त्यातल्या एका गृहस्थाने घरच्या टाकीत झोआन्थिड प्रवाळ सोडले आणि सात-आठ तासांनी त्याला तोंडात कडवट, धातूसारखी चव, ताप, अशक्तपणा, खोकला आणि स्नायूदुखी सुरू झाली, इतकी की त्याला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागले. सात-आठ तास हा कालावधी लक्षात घेण्यासारखा आहे, कारण दुपारी केलेल्या कामाचा रात्रीच्या तापाशी संबंध कोण लावणार? डॉक्टरकडे गेल्यावर टाकीचा, दगडाचा आणि पॅलिटॉक्सिनचा उल्लेख आपणच करायला हवा.

सगळ्याच झोआन्थिडमध्ये हे विष सारखे नसते, कित्येकांत ते नगण्य असते आणि अनेक लोक वर्षानुवर्षे ते हाताळतात, हे खरे आहे. पण कोणत्यात किती आहे हे नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा, हाताला जखम असताना दगड हाताळू नये, आणि दगड हवेत धरून ब्रशने घासणे, त्यावर गरम पाणी ओतणे किंवा त्याला मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे यांपैकी काहीही करू नये. हे प्रवाळ काढून टाकायचेच असतील, तर एक भाग साधे घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी असे ताजे द्रावण करून त्यात अर्धा तास बुडवून ठेवण्याची पद्धत याच अहवालात दिली आहे. आणि विष नसलेला दगड उकळूनही हाती काय येते? लाइव्ह रॉकच्या छिद्राछिद्रांत राहणारे जिवाणू हीच टाकीची गाळणी असते; माशांच्या मलमूत्रातून येणारा विषारी अमोनिया तेच संपवतात. ते मेले की दगडातली मेलेली जीवसृष्टी कुजते आणि ज्या दगडाने अमोनिया संपवायचा, तोच अमोनिया सोडू लागतो.

आता मिठाविषयी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला सुमारे ८५ टक्के वाटा सोडियम आणि क्लोराइड यांचा असतो, त्यामुळे ‘मीठ ते मीठच’ हे वाक्य पूर्णपणे निराधार नाही. पण प्रवाळ उरलेल्या १५ टक्क्यांवर जगतात. लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या थोडे वर कॅल्शियम, सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि पुरेसे बायकार्बोनेट असेल, तरच प्रवाळाला सांगाडा बांधता येतो. स्वयंपाकाच्या मिठात यांतले काहीच पुरेसे नसते. अशा पाण्यात प्रवाळ टिकणार नाही, आणि माशाने काही दिवस तग धरला म्हणजे तो जगला, असे मी म्हणणार नाही.

त्याच दिवशी मासे सोडण्याच्या सूचनेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बाटलीत विकत मिळणारे काही जिवाणू सायकलिंगचा, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू टाकीत वाढण्याचा, काळ कमी करतात, एवढे तथ्य त्यात आहे. मात्र खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि त्या पीएचला एकूण अमोनियाचा जो विषारी भाग असतो, तो पीएच ७ च्या पाण्यातल्यापेक्षा दहापटीहून अधिक असतो. गोड्या पाण्यात मासा ज्या चुकीतून वाचतो, तीच चूक इथे त्याचे कल्ले जाळते. चाचणीत अमोनिया आणि त्यापासून बनणारे, तेही विषारी असलेले नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबायचे असते आणि त्याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात.

पाणी आटण्याची सूचना मात्र निरुपद्रवी दिसते आणि म्हणूनच ती मला जास्त खटकते. गोड्या पाण्यात ज्या पाण्याने टाकी भरली त्याच पाण्याने ती भरत राहिलो तरी सहसा बिघडत नाही. समुद्राच्या पाण्यातून मात्र वाफ होऊन जाते ते नुसते पाणी. मीठ टाकीतच राहते. २० लिटरच्या टाकीत ७०० ग्रॅम क्षार आहेत आणि रोज अर्धा लिटर पाणी आटते, असे धरू. ती तूट मिठाच्या पाण्याने भरली, तर रोज साडेसतरा ग्रॅम क्षार वाढतात आणि दहाव्या दिवशी क्षारता लिटरमागे ३५ वरून जवळजवळ ४४ ग्रॅमवर जाते. पाण्याची पातळी रोज नीट दिसते, काचेत काही वावगे दिसत नाही आणि आत प्रवाळ आक्रसत जातात. आटलेले पाणी नेहमी क्षार नसलेल्या, शक्यतो आरओच्या पाण्याने भरावे आणि आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचे उपकरण, लावावा. लहान टाकी सोपी असते या दाव्याचे उत्तरही याच हिशेबात आहे : हाच अर्धा लिटर २०० लिटरच्या टाकीतून गेला, तर क्षारतेत जेमतेम पाव टक्क्याचा फरक पडतो.

भाच्याचा दगड आता झाकण असलेल्या मोठ्या बादलीत आहे. त्यात योग्य क्षारतेचे पाणी, एक हीटर आणि पाणी खेळते ठेवणारा एक छोटा पंप, म्हणजे पॉवरहेड, आहे. तपकिरी चकत्या तशाच राहू दिल्या आहेत. प्रकाश मिळाला की त्या उघडतात, कडेचे बारीक तंतू पसरतात आणि मधोमध हिरवट ठिपका दिसतो. हातमोज्यांचा डबा बादलीशेजारी ठेवलेला असतो. काल संध्याकाळी त्याने चाचणीच्या नळ्यांचे छायाचित्र पाठवले. अमोनियाची नळी पिवळी, म्हणजे शून्य, आणि नायट्राइटची नळी अजून जांभळी होती. “मावशी, मासे अजून नाहीत ना?” असे त्याने विचारले आणि मी नाही म्हणून कळवले.