‘चोर काय किल्ली सापडेपर्यंत थांबणार?’ : डबऱ्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, हे सांगून टाकते. म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही. आता देते, आणि लांबलचक देते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे आकडे देऊन मी लिहिलं होतं की घरातली बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी आणि काडतुसं दुसऱ्या मजल्यावर, वेगळ्या कुलपात. त्यावर काकांचं म्हणणं असं. त्यांचं घर ग्वाल्हेरकडच्या डबरा गावाजवळ शेतावर आहे, शेजार अर्ध्या किलोमीटरवर. चोर काय किल्ली सापडेपर्यंत ओट्यावर चहा पीत बसणार? वडिलांनी आणि त्यांनी मिळून ४० वर्षं दुनाळी (दोन नळ्यांची बंदूक) भरून, सेफ्टी लावून दाराआड ठेवली. घरात सगळ्यांना ठाऊक की हात लावायचा नाही. काही झालं नाही. आणि शेवटी: ‘ताई, बंदूक कधी हातात धरली आहे, की नुसते अमेरिकेचे आकडे?’

धरली आहे, काका. आज लायसन्स माझ्याच नावावर आहे. बाबांची सत्तरी उलटली तेव्हा २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या वारसाच्या तरतुदीने त्यांची दुनाळी माझ्याकडे आली. आणि पहिल्यांदा हातात घेतली ती १९९१ च्या खंडेनवमीला, ११ वर्षांची असताना.

आमचा वाडा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजकडे. खंडेनवमीला विळी, अडकित्ता, आजोबांची गंजकी तलवार, बाबांचा टाइपरायटर आणि बंदूक, सगळं पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहायची. आजी म्हणाली, कोपऱ्यातली बंदूक आण. बाबा आतून ओरडले, ‘रिकामी आहे, पण सांभाळून.’ ती जुनी बाराबोर, बाहेर दोन घोडे असलेली (घोडा म्हणजे चाप दाबल्यावर काडतुसावर आपटणारा खटका, प्रत्येक नळीला एक). बाबा पुसताना घोडा मागे ओढून चाप दाबत, आणि तो ‘टक्’ आवाज मला फार आवडायचा. मी दस्ता जमिनीवर टेकवला, उजवा घोडा ओढला, चाप दाबला. टक्. मग डावा.

तुळईत मुठीएवढा खड्डा पडला. चार नंबरचे छर्रे होते, आणि एवढ्या जवळून ते पांगत नाहीत, एकगठ्ठा जातात. पाटावरच्या झेंडूवर शंभर वर्षांची धूळ आणि लाकडाच्या चिरफळ्या. आजीला दोन दिवस ऐकू येत नव्हतं. नळी सरळ वर होती म्हणून मी हे लिहिते आहे.

बाबा खोटं बोलले नव्हते, हे मला नंतर कळलं. त्या श्रावणात गल्लीत दोन घरफोड्या झाल्या होत्या. बाबा रात्री बंदूक भरून उशाशी घेत आणि सकाळी रिकामी करत. एका सकाळी त्यांनी बंदूक मोडली (म्हणजे बिजागरीवर वाकवून नळ्या मागून उघडल्या), उजवं काडतूस काढलं, आणि तेवढ्यात दारात दूधवाला आला. परत येऊन त्यांनी ती मिटली आणि कोपऱ्यात ठेवली. काडतूस काढल्याची आठवण त्यांच्या डोक्यात पक्की होती. आठवण खरीच होती, एका नळीपुरती.

म्हणून तुमच्याशी माझं भांडण ‘भरलेली की रिकामी’ एवढ्यावर नाहीच. कधी भरलेली, कधी रिकामी, आणि ते एकाच माणसाच्या डोक्यात: मला भीती या मधल्या अवस्थेची वाटते. या हिशेबाने तुमची पद्धत आमच्या त्या वेळच्या पद्धतीपेक्षा बरी, हे मान्य. नेहमी भरलेली, आणि घरात सगळ्यांना माहीत.

पण खरंच नेहमी? नोव्हेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशची विधानसभा झाली, मे २०२४ मध्ये लोकसभा. दोन्ही वेळा आचारसंहिता लागली की आपल्याकडच्या बंदुका ठाण्यात जमा. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: पोलीस ठाण्यात, मुंबईशेजारच्या नव्हे.) तिथे रिकामी जाते, रिकामी परत येते. परत आल्यावर तुम्ही ती त्याच रात्री भरता, की डब्यातून काडतुसं काढायचा कंटाळा करून दोन दिवसांनी? त्या दोन दिवसांत कोणी तिला हात लावला असेल, टक् असा आवाज ऐकला असेल, तर ‘काकांची बंदूक नेहमी भरलेली’ हा नियम त्याच्या मनातून गेला. शिवाय हेही बघा, की ती ठाण्यात असते ते सगळे आठवडे तुम्ही त्याच शेतावर, त्याच घरात झोपता. मग घराची राखण कोण करतं? कुत्री, दिवा आणि दाराचा अडसर. ते बाकीच्या दिवसांतही तेच करतात.

‘सगळ्यांना ठाऊक’ यातल्या सगळ्यांत कोण कोण येतं, तेही एकदा मोजा. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून येणारी नातवंडं? धान झोडायला आलेल्या मजुरांची पोरं? मला तर घरचीच असून ठाऊक नव्हतं.

आता सेफ्टी. तुम्ही लिहिलंय की तुमची बंदूक बिनघोड्याची. घोडे आहेत काका, ते आत आहेत इतकंच. बंदूक मोडली की ते ताणले जातात आणि मिटल्यावर ताणलेलेच राहतात. आमच्या जुनीचे घोडे उतरलेले आहेत की चढलेले, हे डोळ्यांना दिसे. तुमचे दिसत नाहीत. आणि साध्या दुनाळीतली सेफ्टी बहुधा फक्त चाप अडवते, घोडा नाही. झिजलेली बंदूक दाराआडून फरशीवर आडवी पडली तर सेफ्टी लावलेली असूनही आतला घोडा सुटू शकतो. दार तर तुमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा उघडत असेल.

आणि ज्या तयारीसाठी हे सगळं, ती तयारी तरी असते का? आषाढापासून नळीत बसलेलं काडतूस आश्विनात काढून बघा. पितळी बुडाला हिरवट चढलेलं असतं, पूर्वीची कागदी तर फुगून नळीतच अडकायची. आमच्याकडे एक खडकीच्या कारखान्याचं काडतूस असंच चिकटलं होतं, शेवटी बंदूकवाल्याकडे न्यावं लागलं. (चामड्याच्या म्यानातही ठेवू नका, ओल धरतं आणि नळीला गंज चढतो.)

वेळेचा तुमचा मुद्दा मात्र मला झोंबला, कारण मी तो कधी मोजलाच नव्हता. म्हणून परवा मोजला. खोटी काडतुसं घेतली, नवऱ्याला म्हटलं, रात्री कधीही उठव. पलंगापासून कपाट, आकड्यांचं कुलूप, बंदूक, शेजारचा डबा, दोन काडतुसं, मिटली: ३१ सेकंद. त्यातली ९ चष्मा शोधण्यात गेली. बंदूक मोडून भरायला ५ सुद्धा लागली नाहीत. म्हणजे भरलेली ठेवून माझे पाचच सेकंद वाचतात. उरलेले कुलपाचे आणि झोपेचे. झोपेचे तर वाचवूही नयेत. पहिल्या दहा सेकंदांत मला समोरचा आपला नवरा आहे हेही नीट कळलं नव्हतं. अंगणात आलेला माणूस चोर असेल, किंवा शेवटची गाडी चुकलेला तुमचा मुलगा असेल.

याच मोजणीत माझी चूकही सापडली. काडतुसं दुसऱ्या मजल्यावर ठेवा, हे मी लिहिलं ते पुस्तकी होतं. जिना चढून पाहिला, दोन मिनिटं गेली. एवढं अवघड केलं की माणूस आठवड्याभरात कंटाळतो आणि पुन्हा दाराआड ठेवायला लागतो. मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे: वेगळं कुलूप, पण त्याच खोलीत. आणि शेतावर रात्री राखणीला बंदूक तुमच्या हातात असेल, तर ती भरलेली असण्याला माझी हरकत नाही. उंबऱ्यात आलात की मोडा, दोन्ही काडतुसं काढा, दोन्ही नळ्यांतून उजेड बघा, अंधार असेल तर बोट घालून बघा. दूधवाला आला तर त्याला थांबू द्या.

अमेरिकेचे आकडे मी का दिले, तर आपल्याकडे असा अभ्यास माझ्या वाचनात नाही. २००५ चा तो अभ्यास त्यांच्या घरांचा आहे, खरं. पण त्यात बंदूक रिकामी असणं, कुलपात असणं, काडतुसं वेगळी असणं आणि काडतुसं कुलपात असणं, या चारही सवयी जिथे होत्या तिथे मुलांच्या हातून गोळी सुटण्याचे प्रसंग कमी दिसले. आणि एक गोष्ट मी मूळ लेखात लिहायचं टाळलं होतं, ती आता लिहिते. त्यातले बहुतेक प्रसंग खेळताना झालेले नव्हते. ती मुलं स्वतःच्या जिवावर उठली होती. तुमचा नातू यंदा बारावीला आहे, असं तुम्हीच जाता जाता लिहिलंय. घरातल्या कोणावर वाईट रात्र आली तर ती टळेपर्यंत मध्ये दोन कुलपं असावीत, एवढंच माझं म्हणणं आहे. घरात कोणाच्या मनात असं काही येतंय असं वाटलं, तर बंदूक सरळ घराबाहेर, ठाण्यात किंवा बंदूकवाल्याकडे रीतसर जमा करा, आणि त्याच्याशी बोला.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी: लायसन्सच्या अटी मोडल्या तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शस्त्र नीट सांभाळण्याची हमी आपण अर्जात देतोच. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी लायसन्ससाठी दहा झाडं लावून सेल्फी मागितली होती. माझ्या कपाटाचा फोटो मात्र आजवर कोणी मागितलेला नाही.

लष्करात कधी आलात तर घरी या. तुळईतला खड्डा अजून तसाच आहे, सुतार दोनदा बुजवायला आला आणि दोन्ही वेळा बाबांनी परत पाठवला. फक्त त्यांच्यासमोर तो विषय काढू नका.