थैली सगळ्यांपुढे फिरते, माईक नाही

हे लिहू की नको म्हणून दोन आठवडे घोळत होते, कारण चर्चच्या पैशांबद्दल तोंड उघडलं की माणूस फादरांच्या विरोधातला ठरतो. मी नाहीये विरोधात. तीन वर्षं पॅरिशच्या (आमच्या भागातल्या चर्चच्या) फायनान्स कमिटीवर होते, रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की सॅक्रिस्टीत, फादरांच्या तयारीच्या खोलीत, बसून थैलीतलं दान मोजणाऱ्या चौघांपैकी एक मी, त्यामुळे जे सांगतेय ते आतलं आहे आणि त्यात माझी चूकही आहे.

मोजायला बसलात की एक गोष्ट लगेच दिसते. काही नोटा घडीवर घडी घालून बोटाच्या पेराएवढ्या केलेल्या असतात, उलगडताना फाटतील की काय वाटतं, आणि ती घडी कशासाठी ते आपल्याला कळतं, शेजारच्याला दिसू नये किती टाकले ते. काहींना जास्त टाकल्याचं दाखवायचं नसतं, बऱ्याच जणांना कमी टाकल्याचं. आणि मग असतात पाकिटं, वर नाव, महिना, सगळं नीट. सुरुवातीला मी नावं वाचत नव्हते, सहा महिन्यांत पाठ झाली. आणि एकदा नावं पाठ झाली की काय होतं सांगू? मीटिंगमध्ये एखाद्याची तक्रार आली की टेबलावरचं कोणीतरी हळूच म्हणतं "हे नियमित देणारे आहेत हं", आणि ती तक्रार वर सरकते. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, कुणी वाईट पण नव्हतं, पण घडी घातलेल्या नोटेला नाव नसतं त्यामुळे तिची तक्रार कधी वर सरकली नाही.

आता साउंड सिस्टिमची गोष्ट. मागे बसणाऱ्यांना ऐकू येत नाही अशी कुरबुर होती म्हणून आम्ही खास कलेक्शन केलं, फादरांनी तीन रविवार आवाहन केलं, लोकांनी खरंच मनापासून दिलं, नवे स्पीकर लागले. मोठे, महागडे, आशीर्वाद वगैरे देऊन. मी हिशोब लिहिला, पावत्या फाइल केल्या, मनात म्हटलं चला एक काम झालं.

त्यानंतर काही महिन्यांनी सिनडच्या, म्हणजे चर्चच्या जगभरच्या सल्लामसलतीच्या, निमित्ताने आमच्याकडे ऐकण्याच्या बैठका सुरू झाल्या. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जी प्रक्रिया सुरू केली ती बिशपांपुरती नव्हती, आधी पॅरिशमधल्या माणसांना विचारा असं होतं. आमचा गट आठ जणांचा, गोल बसायचं, तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपलं बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, मग शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं नाही बोलायचं, दुसऱ्याचं ऐकून आपल्या मनाला काय लागलं तेवढंच सांगायचं. तिसरीत सगळ्यांनी मिळून यातून काय निघतंय ते बघायचं. वाचायला सोपं वाटतं पण दुसरी फेरी भयंकर अवघड, कारण तुम्ही ऐकलंच नसेल तर तिथे उघडे पडता. मी पडले. माझ्या शेजारच्या आजी काय बोलल्या ते मला आठवेना, मी माझं पुढचं वाक्य जुळवत बसले होते.

आजी बोलल्या होत्या ते एवढंच की नवे स्पीकर लागल्यापासून त्यांना आधीपेक्षा कमी ऐकू येतं. आवाज घुमतो. "सूचना कळतात, त्यातली दानाची सूचना तर चांगलीच कळते, पण वाचन कळत नाही." लोक हसले, त्या हसल्या नाहीत. नंतर शोधलं तेव्हा कळलं की मूळ अडचण स्पीकरची नव्हतीच, मिस्सेत बायबलचं वाचन करणारे माईकपासून लांब उभे राहायचे आणि घाईत वाचायचे. मागच्या बाकांवर बसून कोणी दोन रविवार ऐकलं असतं तर एक पैसा खर्च न करता बरंचसं सुटलं असतं. ऐकू यावं म्हणून पैसे गोळा केले आणि ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांचंच ऐकलं नाही, आणि हे करणाऱ्यांत हिशोब चोख ठेवणारी मी होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की दान आणि ऐकणं ही दोन खाती वेगळी ठेवायचीच नाहीत. बायबलमधलं येशूच्या प्रेषितांचं, म्हणजे शिष्यांचं, पुस्तक, प्रेषितांची कृत्ये, काढून बघा. चौथ्या अध्यायात लोक जमिनी विकून पैसे आणतात आणि ज्याला जशी गरज तसं वाटलं जातं, हा भाग प्रवचनात नेहमी येतो. पण दोनच अध्याय पुढे, सहाव्यात, भांडण आहे. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय असं ग्रीक बोलणारे लोक कुरकुरतात. प्रेषित काय करतात? गप्प बसा म्हणत नाहीत. सगळ्यांना बोलावतात, तुमच्यातले सात जण तुम्हीच निवडा म्हणतात, आणि जी नावं निवडली गेली ती सगळी ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप. मला तर हे दानाच्या कुठल्याही आवाहनापेक्षा मोठं वाटतं.

आणि पौल, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या करणारा प्रेषित, तो तर पैशाच्या बाबतीत आपल्याहून सावध होता. यरुशलेमसाठी वर्गणी नेताना तो एकटा नेत नाही, मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर असतो, कारण या देणगीबद्दल कुणी बोट दाखवू नये असं तो स्वतःच लिहितो, करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठवा अध्याय. पौलावर अविश्वास म्हणून नाही ना हे? मग हिशोब मागितला की आपल्याकडे अविश्वासाचा विषय कसा होतो?

नियमांचंही सांगते, कारण "चर्च म्हणजे काय सोसायटी आहे का" हे ऐकून कान किटलेत. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, श्रद्धावंतांनी चर्चच्या गरजा भागवाव्यात असं कलम २२२ म्हणतं. बरोबर, देणं कर्तव्यच आहे, आणि दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाची) सक्ती नाही, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. पण त्याच पुस्तकात कलम १२८७ आहे, लोकांनी दिलेल्याचा हिशोब लोकांना द्यावा. कलम १२६७ म्हणतं ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला वापरावं. कलम २१२ म्हणतं आपलं मत मेंढपाळांना, म्हणजे फादर-बिशपांना, सांगण्याचा लोकांना हक्क आहे, कधी कधी ते कर्तव्यही आहे. पहिलं कलम सगळ्यांना माहीत, बाकीची मला कमिटीवर गेल्यावर कळली.

एक गंमत बघा (गंमत कसली). कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशला फायनान्स कौन्सिल असलीच पाहिजे. पण पॅरिशच्या एकूण कामाबद्दल सल्ला देणारी पास्टरल कौन्सिल, कलम ५३६, ती बिशपांना योग्य वाटलं तर. म्हणजे पैशाची समिती सक्तीची आणि बोलण्याची समिती वाटलं तर! ऑक्टोबर २०२४ च्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजात या सगळ्या सहभागाच्या समित्या सक्तीच्या कराव्यात असा आग्रह आहे, दर वर्षी आर्थिक अहवाल जाहीर करावा असंही आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज तसाच स्वीकारला. आता तो किती नोटीस बोर्डांपर्यंत पोचतो ते बघायचं.

इथे काही जण म्हणतील मग ऐकत नाहीत तोवर पाकीट बंद करा. माझ्या ओळखीत तिघांनी केलंय. त्यांचा राग समजतो पण मला हे पटत नाही, कारण पाकीट बंद केल्याचा आवाज फक्त मोठ्या पाकिटाचा होतो. घडीवाल्या नोटा बंद झाल्या तर मोजणाऱ्याला पण कळत नाही. म्हणजे परत तेच, ज्याचं वजन जास्त त्याचं ऐकलं. आणि थैलीतले पैसे फक्त स्पीकरला जात नाहीत, आजाऱ्यांना, फी भरू न शकणाऱ्या मुलांना पण जातात, त्यांनी काय केलंय?

विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट, गरीब विधवा दोन क्षुल्लक नाणी टाकते आणि येशू तिचं कौतुक करतो ती, दानाच्या रविवारी हमखास वाचली जाते. मार्कचा बारावा अध्याय, ओवी ४१ पासून. तुम्ही ओवी ४० पासून वाचा. विधवांची घरं गिळणारे आणि लांबलचक प्रार्थना करणारे शास्त्री तिथे आहेत, आणि लगेच पुढे ती बाई येते. तिचं कौतुक आहेच, पण ते कुठल्या बोलण्यानंतर आलंय ते मला इतकी वर्षं कधी दिसलं नव्हतं.

असो. कमिटीतून मी गेल्या वर्षी बाहेर पडले, मुदत संपली म्हणून, भांडून नाही. जाता जाता एवढं झालं की पाकिटांवर आता नाव नाही, नंबर असतो, आणि मोजणाऱ्यांकडे नंबरांची यादी नसते. तिमाही हिशोब दाराजवळच्या बोर्डावर लागतो. फादर आधी कां कू करत होते, आता स्वतःच पिना मारतात. गेल्या रविवारी त्या कागदाच्या खालच्या कोऱ्या जागेत कोणीतरी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दुरुस्ती म्हणजे कशाची?" काहींना ते उद्धट वाटलं, एकजण खोडरबर शोधत होता. फादर म्हणाले राहू दे, आणि खिशातून पेन काढून तिथेच उभं राहून लिहायला लागले.