हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्यांना करा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. मला ते मनापासून आवडतं. एरवी जिन्यात नुसतं हसून पुढे जाणाऱ्या बायका त्या दिवशी तासभर टेकतात, तिळगूळ खातात, एकमेकींना उखाणा घ्यायला लावतात. नोकरी, स्वयंपाक, मुलांचे क्लास, सासूबाईंची औषधं यात मैत्रिणीला भेटायलाही सवड नसते, त्यांची ही हक्काची संध्याकाळ. त्यामुळे ‘जुनाट आहे, बंद करा’ हे मला पटत नाही.

राग येतो तो एकाच गोष्टीचा. नवरा गेला की बाईचं बोलावणं थांबतं.

आमची आत्या वर्षानुवर्षं चैत्रगौरीला आंब्याची डाळ वाटायची, पन्हं करायची आणि बायका यायला लागल्या की आतल्या खोलीत जाऊन बसायची. ‘जा’ असं तिला कुणी म्हणत नसे. म्हणायची गरजच पडत नसे, हे मला जास्त लागतं. तिच्या हातची डाळ सगळ्यांना चालायची, तिच्या हातचं कुंकू नाही.

विधवाविवाहाला कायद्यानं मान्यता मिळाली १८५६ साली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तरीही मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या गावाचा मला फार अभिमान वाटतो. आणि शहरातल्या शिकल्यासवरलेल्या सोसायट्यांत मात्र यादी करताना अजून एखादं नाव हळूच गाळलं जातं. ‘त्यांनाच अवघडल्यासारखं होईल गं.’ त्यांना विचारलं का कुणी?

काहीजणींना खरंच यायचं नसतं, त्यांना आग्रह नको. पण नाही म्हणायचं ते तिनं. आपण परस्पर ठरवायचं नाही.

बोलवाल तर नीट बोलवा. कोपऱ्यात बसवून हातात नुसतं वाण टेकवू नका. कुंकू लावू का विचारा, हो म्हणाली तर लावा, गजरा द्या, ओटी भरा. आणि तिलाही इतरांना कुंकू लावू द्या. खरी अडचण तिथेच येते, एखादी जुनी बाई मान मागे घेते. म्हणून घरच्या बाईनं सगळ्यांदेखत आधी तिच्याकडून लावून घ्यावं. कुणी उठून गेलीच तर जाऊ द्या, पुढच्या वर्षी तिलाही बोलवा.