‘पहिला गेम फुकटात होतो’ म्हणे!

गेमवाल्या पोरांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एकट्या माणसाने केला, इंजिनं (म्हणजे गेम बनवायची तयार सॉफ्टवेअरं) फुकट मिळतात, चित्रं-संगीत करणाऱ्यांना नफ्यात वाटा द्यायचा, कागदपत्रांचं काय ते गेम चालला तर बघू. सबब, पहिल्या गेमला बजेट लागत नाही.

एकट्याने केला, हे खरंय. एरिक बॅरोनने कोड, चित्रं, संगीत सगळं स्वतः केलं. पण २०१६ मध्ये गेम बाजारात येईपर्यंत साडेचार वर्षं गेली. त्या काळात तो सिएटलच्या एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करायचा आणि घर चालवायला मैत्रिणीच्या कमाईचा आधार होता. म्हणजे बजेट होतं, फक्त कोणी ते वहीत मांडलं नाही. ‘अंडरटेल’ हा गेमही असाच टोबी फॉक्सच्या एकट्याच्या नावावर खपवतात. त्यातली बरीच चित्रं टेमी चँगची आहेत, आणि किकस्टार्टर या लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या साइटवर ५१ हजार डॉलर जमले होते ते वेगळेच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीच्या ‘राजी’ या गेमची किकस्टार्टर मोहीम २०१७ मध्ये फसली. पुढे एपिकचं (अनरिअल हे इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं) अनुदान मिळालं, तरी गेम यायला २०२० उजाडलं.

इंजिनाचं म्हणणं मान्य. गोडो हे इंजिन फुकट आहे. अनरिअल पाच टक्के मागतं तेही गेमने दहा लाख डॉलर कमावल्यावर. तेवढे कमावलेत तर पेढे वाटा! स्टीम या गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात मात्र गेम चढवायलाच १०० डॉलर लागतात आणि विक्रीतले ३० टक्के ते ठेवून घेतात. शिवाय १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळून, गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं.

खरी मेख त्या वाट्यात आहे. समजा गेम ४०० रुपयांना आहे आणि हजार प्रती खपल्या. पहिल्या गेमला हेही काही कमी नाही. चार लाखांतून स्टीमचा हिस्सा गेला की उरले २ लाख ८० हजार. कर, सवलती, परतावे अजून धरलेच नाहीत. संगीतकाराला दहा टक्के कबूल केले असतील, तर त्याच्या हाती २८ हजार, तेही काम केल्यावर दोनेक वर्षांनी. त्याने वीस मिनिटांचं संगीत मिनिटाला दोन हजारांनी केलं असतं, तर आजच ४० हजार मिळाले असते. मग रोख पैसे देणारं दुसरं काम आलं की तुमचं काम मागे पडणारच. त्याला बेभरवशाचा म्हणू नका. आणि दहा टक्के कशाचे? स्टीमच्या कपातीआधीचे की नंतरचे? तो अर्ध्यात सोडून गेला तर? हे बोलायला लाज वाटते म्हणूनच वाटा सोपा वाटतो.

‘दोस्तीत कागद कशाला’ हा तर सगळ्यात महागात पडणारा सल्ला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीत केलेलं काम साधारणपणे मालकाचं होतं. फ्रीलान्सरने पैसे घेऊन केलं, तरी बहुतेक वेळा हक्क त्याच्याकडेच राहतात. ते तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचा लेखी करार हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांचे धरले जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. तुम्ही विकणार जगभर! शिवाय करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर घेतलेले हक्क वर्षभरात न वापरल्यास ते तुमच्या हातून सुटतात. संगीत आज घेतलं आणि गेम तीन वर्षांनी आला, तर वादाला जागा झालीच. ‘सगळे हक्क जगभरासाठी, कायमचे, वर्षभरात वापरले नाहीत तरी’ हे दीड वाक्य वाचवण्यात कसली आलीय दोस्ती?

माणूस निवडतानाही सगळं काम एकदम देऊ नका. एकच पात्र द्या, उभं आणि चालताना, ठरलेल्या पैशात; दुरुस्त्या किती वेळा, तेही आधीच ठरवा. दोन दुरुस्त्या सांगितल्यावर तो कसा वागतो ते बघा, मग पुढचं. स्टीमच्या पानावरचं मुख्य चित्र मात्र चांगल्या चित्रकाराकडूनच करून घ्या, कारण गिऱ्हाईक आधी तेच बघतं. पैसे कमी पडत असतील तर बारा पात्रांची सहा करा, चित्रकाराचा दर पाडू नका.