बिनकॉस्टिकचा वनौषधी साबण आणि चिमूटभर हळद

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तोच मजकूर तिसऱ्यांदा आला: “किनवट-माहूरच्या जंगलातल्या २१ वनौषधींचा, हाताने बनवलेला साबण. केमिकल नाही, कॉस्टिक नाही. पीएच ५.५. गजकर्ण, खरूज, सोरायसिस मुळासकट जातं. फेस कमी येतो हीच अस्सलपणाची खूण. नैसर्गिक असल्याने तान्ह्या बाळालाही चालतो.” खाली मामींचा अंगठा आणि ‘चार वड्या मागवल्या’. मी नांदेडला घरीच साबण करते, म्हणून हे लिहायला बसले. वडी कदाचित चांगलीही असेल. जाहिरात मात्र ओळीओळीला थापा मारतेय.

‘कॉस्टिक नाही.’ मग तो साबणच नाही. तेलाला कॉस्टिक सोडा, म्हणजे एक तीव्र खार, भेटला की त्यातून साबण आणि ग्लिसरीन होतं. एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम सोडा लागतो, एरंडेलाला १२८ च्या आसपास. मोह, करंज, निंबोळी, प्रत्येक तेलाचा हिशेब वेगळा. आम्ही सोडा हिशेबापेक्षा पाचेक टक्के कमीच घेतो, म्हणजे सोडा सगळा संपतो आणि थोडं तेल वडीत राहतं. विकणाऱ्याला ‘आता उरलेला नाही’ म्हणायचं असेल तर तसं म्हणावं. नाहीतर त्याने बाजारातला तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतला असणार. तिथे सोडा कारखान्यातच पडून गेलेला असतो.

सोडा म्हणजे काय ते मला पहिल्याच खेपेला कळलं. घरात होतं म्हणून जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं घेतलं. पाण्यात सोडा पडला तसं ते फसफसायला लागलं, आतून काळं पडलं, आणि वाफेने नाक-डोळे झोंबले ते वेगळंच. तेव्हापासून स्टीलचं पातेलं, हातमोजे, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही.

‘आजीच्या काळी कुठं होता कॉस्टिक?’ असं मामींनी विचारलंच. आजी राखेचं पाणी वापरायची, तोही खारच की. बिनसोड्याचं खरं धुणं म्हणजे रिठा, शिकेकाई, हिंगणबेट. ते विकायचं तर खुशाल विका, पण त्याला रिठाच म्हणा.

‘पीएच ५.५.’ पीएच म्हणजे वस्तू आम्ल की खार ते सांगणारा आकडा: सातच्या खाली आम्ल, वर खार. ह्याला प्रयोगशाळा नको. वरणाचा पिवळा डाग पडलेल्या फडक्यावर साबण घासला की डाग लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईने पाहिलंय. हळद खारात लाल होते. मामींच्या घरी जाऊन मी त्यांच्याच वडीचा फेस बशीत घेतला, त्यात चिमूटभर हळद टाकली. बशीत कुंकू कालवल्यासारखं झालं. खऱ्या साबणाचा पीएच ९-१० असतो, चार-सहा आठवडे सुकवला तरी ५.५ वर येत नाही. आम्ल घालून ओढून आणलाच, तर साबण फुटतो आणि स्निग्धांश सुटा होऊन वर येतो.

‘फेस कमी म्हणजे अस्सल.’ खोबरेल जास्त असलं की हाताने केलेला साबणही भरपूर फेसाळतो. आपल्याकडे फेस खातं ते बोअरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि बादलीच्या काठाला तो पांढरा चिकट साका बसतो. तीच वडी पावसाच्या पाण्यात वापरून बघा.

२१ वनौषधींचं म्हणाल, तर ती पानं-फुलं सोड्याच्या तडाख्यात सापडतात. कडुनिंबाची पूड घातलेली माझी हिरवीगार वडी काही आठवड्यांत खाकी झाली. दिसायला मला आवडते, पण तिला औषध म्हणायची माझी हिंमत नाही. गजकर्ण बुरशीमुळे होतं, खरूज किड्यामुळे, सोरायसिस तिसऱ्याच कारणाने. तिघांनाही अर्ध्या मिनिटात धुऊन जाणारी एकच वडी मुळासकट काढणार म्हणे! शिवाय रोग बरा करतो म्हटलं की १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने ती वस्तू सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरते, आणि औषधाचा परवाना वेगळा असतो. गजकर्णाचा चट्टा असेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. दुकानातून स्टेरॉइडचं मलमही आणू नका. खाज थांबते, चट्टा पसरतो.

राहिलं ‘नैसर्गिक म्हणजे बाळालाही चालतं’. बिब्बासुद्धा जंगलातलाच. तो उतला की काय होतं, हे मामींना मी सांगायला नको. त्यांच्या मनगटावर लहानपणचा डाग अजून आहे.

मामींच्या चारपैकी एक वडी बशीतल्या प्रयोगापासून न्हाणीत आहे, हात धुवायला. तीन कपाटात साड्यांच्या घडीत ठेवल्यात. वास छान येतो म्हणाल्या.