‘तू तिकडे बसून बोलू नकोस’

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर गेले काही आठवडे एकच भांडण चालू आहे. सुरुवात एका फॉरवर्डने झाली. चाळीच्या गॅलरीचं चित्र, कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, आणि खाली ‘टॉवर आले, माणुसकी गेली’. ठाण्याच्या एकीने रडका चेहरा टाकला, परळच्या एकाने हात जोडले. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या मित्राने मात्र लिहिलं, ‘ज्याची माणुसकी हरवली असेल त्याने ट्रान्झिट कॅम्पात शोधावी, मी तिथे बरीच वर्षं होतो.’ ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यात त्याची एक होती. १६० फुटांच्या खोलीतून तो ५०० फुटांत गेला.

मी गप्प बसायला हवं होतं. पण इथे इंग्लंडात, मँचेस्टरला रात्रीचे साडेअकरा वाजले होते, उद्या कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा दिवस होता आणि झोप येत नव्हती. मी लांबलचक पोस्ट लिहिली. मँचेस्टरने स्वतःच्या कापडगिरण्या कशा जपल्या ते सांगितलं. इथल्या अँकोट्स भागात कालव्याकाठी मरेची गिरणी अजून उभी आहे, तिचं बांधकाम १७९८ ला सुरू झालं. आत फ्लॅट झाले, पण वीट तीच, खिडक्या त्याच. आणि आपण काय केलं? लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी ठेवली आणि भोवती मॉल बांधला. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय होणार, हे ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते : मोकळ्या जागेला एक, म्हाडाला एक, मालकाला एक. २००१ मध्ये नियम असा फिरवला की वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून जी जागा निघेल ती मालकाची. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. हे सगळं मी लिहिलं, आणि शेवटी ‘आपल्याला इतिहासाची किंमतच नाही’ असं एक वाक्य ठोकून दिलं.

मँचेस्टरच्याच हल्म भागाचा विषय मी मुद्दाम काढला नाही. तिथल्या कामगारांच्या गल्ल्यांवर मँचेस्टरनेही बुलडोझर फिरवला होता. त्यांच्या जागी बांधलेले ‘क्रेसेंट’ हे फ्लॅटचे चंद्रकोरी ब्लॉक तर वीस-बावीस वर्षांत पाडावे लागले. अँकोट्सच्या त्या फ्लॅटचं भाडं मला स्वतःला परवडत नाही, हेही लिहिलं नाही.

उत्तरं आली. ‘तू तिकडे बसून बोलू नकोस.’ ‘तू तुझा कौन्सिल टॅक्स भर.’ एकाने तर विचारलं, ‘पहाटे संडासाच्या रांगेत डबा घेऊन कोण उभं राहणार, तुझी मुलं?’

माझी मुलं नाही राहणार. पण मी राहिलोय की! लालबागच्या त्या गल्लीत मी वीसहून जास्त वर्षं काढली. दहा बाय बाराची खोली, माणसं सात, वर माळा. पाण्यासाठी आई साडेचारला उठायची. पिंप भरताना तळाशी धार आपटायची तो आवाज, मग पिंप भरत आलं की बारीक होत जाणारा तो आवाज, आम्ही झोपेतच मोजायचो. एप्रिल-मे आला की मिरची कांडायचे डंक सुरू व्हायचे आणि अख्खी गल्ली शिंकायची. बाबा दुसऱ्या पाळीहून परतले की त्यांच्या केसांत कापसाचा तूस असायचा, आजी तो बोटांनी काढायची. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. मागांच्या खडखडाटात कान गेलेले, त्यामुळे घरात कुजबुज हा प्रकारच नव्हता. गुपितसुद्धा तिसऱ्या खोलीपर्यंत पोचायचं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण एक शब्द यायचा. गिरणीतल्या यंत्रांच्या बिडावर ओतलेला ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ मधला. ते ‘ओल्डाम’ म्हणायचे. आता मी त्या ओल्डहॅमला ट्रामने जातो, डेंटिस्टकडे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. भोंगा थांबला आणि आजी लोकांना वेळ विचारायला लागली. त्याआधी तिला घड्याळाची गरजच पडली नव्हती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे ते आईच्या पापडांवर आणि बाबांच्या वॉचमनच्या टोपीवर निभावलं.

तर मी ग्रुपवर हेही लिहिलं की आमच्या गल्लीत दारं बंद नसायची आणि जात कोणी विचारत नसे. इथे वरळीच्या मित्राने मला पकडलं. ‘आमच्या आजोबांना साचेखात्यात घेत नव्हते. ते पण लिही.’

मला ते माहीत होतं. धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नावेत, नवीन कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यायचं. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आपलं तोंड कसं लावायचं, म्हणून साचेखातं, जिथे पगार बरा, त्यांना बंद होतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला होता. माझ्या आजोबांनाही साचेखात्यात चिकटवलं ते गावच्याच जॉबरने, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाने. आमच्या मजल्यावर जात कोणी विचारत नसे, कारण मजल्यावर सगळे आमचेच होते. विचारायचं कोणाला?

बाबांचा एक धोटा माझ्याकडे आहे, इथे हॉलमध्ये फायरप्लेसच्या वर. शेजारच्या आजीबाई चहाला आल्या की तो हमखास हातात घेतात. त्यांची आई विणकर होती. एकदा त्यांनी तो ओठांशी नेऊन ओढल्यासारखं करून दाखवलं आणि म्हणाल्या, आईचे पुढचे दात यानेच गेले. मग बाहेर कन्झर्व्हेटरीत उभं राहून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून काहीतरी बोलल्या. मागांच्या आवाजात इथल्या गिरण्यांतल्या बायका तसं बोलत. मला एक शब्द कळला नाही. बाबांना बहुतेक कळला असता.

हे मी ग्रुपवर टाकलं नाही. आणखीही एक गोष्ट टाकली नाही. १९९७ मध्ये मी मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून टेक्स्टाइल करून इथल्या यूमिस्ट विद्यापीठात शिकायला आलो. (आता काम इन्शुरन्सच्या सॉफ्टवेअरचं करतो, सुताशी संबंध शर्टापुरता.) त्या फीसाठी बाबांनी खोली पागडीवर विकली. वाटा चाळमालकाने घेतला, उरलेल्यात माझं पहिलं वर्ष आणि विमान निघालं. आई-बाबा भावाकडे डोंबिवलीला गेले. बाबा तिथेच वारले. आई अजून ‘घरी’ म्हणते तेव्हा लालबागबद्दल बोलत असते.

मग चाळ पडली, टॉवर झाला, आणि ज्याने आमची खोली घेतली त्याला साडेचारशे फुटांचा फ्लॅट मिळाला. माझा चाळ-संस्कृतीचा कळवळा खोटा नाही. पण टॉवरचा फोटो कोणी टाकला की मी आधी मजले मोजतो, आणि आमचा कुठला आला असता ते बघतो. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

ग्रुपवरचं भांडण थंडावल्यावर वरळीच्या मित्राचा वेगळा मेसेज आला. रागाचा नव्हता. त्याच्या मुलीचं लग्न आहे, जानेवारीत मी येतोय. ‘डोंबिवलीहून किती फेऱ्या मारशील? तुमच्या खोलीवाल्याचा टॉवरमधला फ्लॅट रिकामा आहे, भाड्याने द्यायचाय. बावन्न हजार म्हणतो. महिनाभरासाठी बोलू का?’

मी आधी ते पौंडात करून बघितलं. मग ‘बघतो’ असं लिहिलं.